कोपऱ्याचा चाकू

पुतण्याने ऑनलाइन मागवलेला चाकू आला, तेव्हा त्याचं खोकं उघडायला वहिनीने स्वयंपाकघरातलीच सुरी दिली. आतून काळाकुट्ट घडीचा चाकू निघाला. ‘काका, टँटो आहे हा! पत्रा फाडतो,’ म्हणत पुतण्याने तो माझ्या हातात ठेवला. पत्रा फाडायची वेळ आमच्या घरात आजवर आलेली नाही. म्हणून मी तो पंधरा दिवस मागून घेतला आणि सोलापुरात जी कामं रोज निघतात ती त्याच्याकडून करून घेतली.

नेहमीच्या चाकूची धार टोकाकडे जाताना पोट काढत हळूहळू वर वळते. टँटोची धार सरळ जाते आणि टोकाच्या जरा अलीकडे एकदम कोन करून दुसऱ्या सरळ धारेला मिळते. एकाच पात्यात दोन धारा आणि मधे एक कोपरा. जपानीत ‘तांतो’ म्हणजे आखूड पातं, एका शाकूहून, म्हणजे साधारण 30 सेंटिमीटरहून लहान. तेराव्या शतकातला आवातागुची योशिमित्सु हा लोहार अशा पात्यांसाठी नावाजलेला होता. पण जुन्या तांतोंची टोकं बहुतेक सुबक वळणाचीच असतात. खिशातल्या चाकवावरचा हा टोकदार कोपरा 1980 च्या दशकात कोल्ड स्टील या अमेरिकी कंपनीने लोकप्रिय केला. तेव्हा खोक्यावरच्या सामुराईच्या चित्राकडे फार लक्ष देऊ नये.

आता तो पत्रा. साधं पातं टोकाकडे निमुळतं आणि पातळ होत जातं, टँटोत मात्र पाठीची जाडी जवळपास टोकापर्यंत टिकते. पोलादाची पट्टी दुप्पट जाड केली की ती वाकायला 8 पट ताठ होते आणि मोडायला 4 पट बळ लागतं. म्हणून कशात खुपसून पीळ दिला तरी टँटोचं टोक सहसा तुटत नाही. इथपर्यंत जाहिरात खरी. पण न मोडणं वेगळं आणि सहज घुसणं वेगळं. पात्याचं टोक ही पाचरच, आणि जाड पाचर आत शिरताना जास्त माल बाजूला सारते. शेंगतेलाच्या रिकाम्या प्लास्टिक कॅनमध्ये माझी जुनी पातळ सुरी अलगद गेली, टँटोला मनगट लावावं लागलं.

पूर्व भागात ओळखीच्या एकांचा यंत्रमागाचा कारखाना आहे. तिथल्या पॅकिंगच्या खोलीत मात्र या चाकवाने मला गप्प केलं. चादरी-टॉवेलांची खोकी उघडताना मुख्य भीती असते ती पातं खोल जाऊन आतला माल कापण्याची. एका टॉवेलाला चीर पडली की तो गेला ‘सेकंड’मध्ये, म्हणजे सदोष मालात. टँटो जवळजवळ आडवा धरला की फक्त कोपरा चिकटपट्टीला टेकतो. हाताचं सगळं बळ त्या एका ठिपक्यावर येतं, आणि दाब म्हणजे बळ भागिले क्षेत्रफळ, त्यामुळे पट्टी लगेच फाटते. पण कोन बोथट असल्याने पातं खोल उतरत नाही. पुढची आखूड धार तर चक्क पटाशी किंवा चप्पल शिवणाऱ्याच्या रापीसारखी चालते. पुढे ढकलून खोक्यावरचं लेबल, वाळलेला डिंक खरवडून काढता येतो. मालाच्या गठ्ठ्यावरच्या बारदानाची सुतळीही तिने उसवली. तिथल्या कामगाराने चाकू उलटसुलट पाहिला, किंमत विचारली आणि हसून आपलं दहा रुपयांचं ब्लेड पुन्हा खिशात टाकलं. त्याचंही बरोबर होतं.

स्वयंपाकघरात मात्र टँटोची फजिती झाली. त्याचं कारण समजून घ्यायचं तर विळीकडे पाहावं. विळीचं पातं वाकडं असतं, कांदा पुढे ढकलला की तो धारेत रुतता रुतता धारेवरून घसरतोही. नुसतं दाबण्यापेक्षा असं सरकवत कापलं की जोर कमी लागतो. घर्षण बाजूला ठेवून केलेला साधा हिशेब सांगतो, की पातं खाली जितकं जातं तितकंच आडवं सरकलं, तर खालच्या दिशेचं बळ निम्म्यावर येतं. दुप्पट सरकलं, तर पाचव्या हिश्शावर. कापायला लागणारी एकूण ऊर्जा तेवढीच राहते, तिचा काही भार आडवी हालचाल उचलते. घरी वजनकाटा असेल तर त्यावर टोमॅटो ठेवून करून पाहा. आधी सुरी नुसती दाबा, मग ओढत कापा. काट्यावरचा आकडा झपकन उतरतो.

पोटाचा बाक असलेली सुरी पाटावर झुलवली की हे सरकणं आपोआप होतं. टँटोची धार सरळ, झुलवायला जागाच नाही. मूठ जरा उचलली की पाटाला टेकतो तो फक्त कोपरा. कोथिंबीर चिरली तर काड्या एकमेकींना धरून राहिल्या. वहिनी म्हणाली, ‘भावजी, हे राहू द्या, विळी घ्या.’

डाळिंबाने पुन्हा त्याची थोडी लाज राखली. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र असलेल्या या जिल्ह्यात डाळिंब सोलायची रीत लहान मुलांनाही ठाऊक असते. वरचा मुकुट काढायचा, कडांवरून सालीला उथळ चिरा द्यायच्या आणि हाताने पाकळ्या उकलायच्या. चिरा उथळच हव्यात, नाहीतर दाणे फुटतात. कोपऱ्याने ते काम झकास केलं. पण चाकू तासभर न पुसता राहिला आणि पात्यावर निळसर काळे डाग पडले. डाळिंबाच्या सालीत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असतं. रसातल्या आम्लाने पोलादातलं लोह किंचित विरघळतं, ते टॅनिनशी जोडलं जाऊन काळं संयुग बनतं. सालीचा काढा आणि लोह यांच्यापासून सुताला काळपट रंग देण्याची जुनी पद्धत याच रसायनावर चालते. पोलादात 10.5 टक्क्यांहून जास्त क्रोमियम असलं की त्याच्या ऑक्साइडचा पातळ थर लोहाला झाकतो. ‘स्टेनलेस’ची किमया तीच, पण काही कठीण पोलादांत बरंचसं क्रोमियम कार्बनशी बांधलं जातं आणि संरक्षणाला कमी उरतं. हा चाकू त्यातलाच असावा.

जवळ बाळगण्याचं म्हणाल, तर शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे. खिशातला चाकू त्यात बसत नाही. मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली सणासुदीला, निवडणुकीच्या दिवसांत बंदीचे आदेश निघतात आणि त्या कलमात सुऱ्यांचं नाव स्पष्ट आहे. गड्ड्याच्या जत्रेला जाताना पुतण्याने हा घरीच ठेवलेला बरा.

पंधरा दिवसांत आधी बोथटला तो कोपराच, कारण सगळं काम त्याच्यावरच पडत होतं. पुठ्ठा मऊ, पोलाद कठीण, मग धार जाते कशी? अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलं, की पोलादाहून सुमारे 50 पट मऊ असलेला केसही दाढीच्या पात्याचे टवके उडवू शकतो. पुठ्ठ्यात तर मातीचे बारीक कणही असतात. टँटोच्या दोन्ही धारा सरळ असल्याने त्या सपाट दगडावर पाजवणं खरं तर सोपं. फक्त दोन्ही वेगवेगळ्या घासायच्या आणि मधला कोपरा जपायचा.

पुतण्याने एवढं ऐकून घेतलं नाही. दारावर आलेल्या धारवाल्याला त्याने चाकू दिला. सायकलच्या चाकावरच्या सहाणेने ठिणग्या उडवत दोन्ही धारा एकाच झोकात घासल्या आणि कोपरा गोल होऊन गेला. टोकाशी निळी झाक आली, म्हणजे पोलाद तिथे निदान 300 अंशांपर्यंत तापून त्याचं पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरलं. पुतण्या दोन दिवस कोणाशी बोलला नाही. चाकवाला आता थोडं पोट आलं आहे, आणि वहिनी त्याने काकडी चिरते.