रिकाम्या हाताचा थ्रो

गुहागरच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की ओली वाळू घट्ट होते आणि टेनिस बॉलचं क्रिकेट रंगतं. परवा कव्हरवरच्या पोराच्या हातून बॉल निसटला आणि मागे सुरूच्या बनात गेला. पठ्ठ्याने वळूनही पाहिलं नाही. कोपर उचललं, खांदा मागे नेला आणि रिकामाच हात जोरात फिरवला. दुसऱ्या धावेला निघालेला रनर जागीच थबकला. "मेल्या, बॉल कुठाय?"

क्रिकेटमध्ये २०१७ पासून याला ५ धावांचा दंड आहे. बेसबॉलमध्ये मात्र अशी हूल नियमात बसते. तिथे तर बेसवरचा, म्हणजे धावणाऱ्याने गाठायच्या टप्प्यावरचा, खेळाडू चेंडू ग्लव्हमध्येच दडवतो आणि धावणाऱ्याने बेस सोडला की त्याला टेकवून बाद करतो. अट एवढीच, की चेंडू जवळ नसताना पिचरने, म्हणजे तिथल्या गोलंदाजाने, आपल्या रबरी पट्टीवर पाय ठेवायचा नाही.

ही हूल लागू का पडते? पळणाऱ्याच्या बऱ्याचदा पाठीमागे चेंडू असतो, म्हणून तो समोरच्याच्या अंगावरून अंदाज बांधतो. यात आपण भलतेच तरबेज. स्वीडनच्या गुन्नार योहान्सन यांनी १९७३ साली दाखवलं, की अंधारात सांध्यांवरचे दहा-बारा ठिपकेच दिसत असले तरी ते हलले की पाहणाऱ्याला लगेच चालणारा माणूस ओळखू येतो. खांदा-कोपराची हालचाल आपल्याला 'थ्रो आला' असं सांगते ती याच कसबामुळे, आणि ठकवणारा नेमका त्यावरच डल्ला मारतो.

सेकंदाला ७ मीटर वेगाने पळणारा अर्धा सेकंद अडखळला तर साडेतीन मीटर गमावतो. बेसबॉलच्या दोन बेसमधल्या २७.४ मीटरचा हा आठवा हिस्सा, आणि पुन्हा वेग घ्यायचा तो वेगळाच. १९९१ च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेच्या, सातव्या सामन्यात, आठव्या डावात, चेंडू दूर गेलेला असताना मिनेसोटाच्या नॉब्लॉक आणि गॅग्नी यांनी तो जवळच असल्याचा अभिनय केला. अटलांटाचा लॉनी स्मिथ दुसऱ्या बेसपाशी घुटमळला आणि तिसऱ्यावरच अडकला, धाव काही झाली नाही. मिनेसोटाने सामना १-० ने जिंकला. हुलीला फसलो नाही, चेंडूच दिसेनासा झाला होता, असं स्मिथचं म्हणणं. मला यात विरोध दिसत नाही. चेंडू दिसत असता तर हुलीकडे पाहिलं कोणी असतं?

आमच्या रनरने मात्र धडा जरा जास्तच घेतला. पुढच्या षटकात त्याच पोराने हात फिरवला तेव्हा हूल समजून हा बिनधास्त धावला. बॉल थेट स्टंपवर.