जोंधळ्याच्या पिठाची विरी

मांडे करणाऱ्या बाईचे हात बघत राहावेत असे असतात. चांगली मुरलेली लाटी ती हातांवर झेलते, मनगटं फिरवत फिरवत ताणते आणि बघता बघता पालथ्या भांड्यावर कागदासारखा पातळ पापुद्रा पसरतो. बेळगावातल्या लग्नघरांत हे मी लहानपणापासून पाहत आले. ती लाटी फाटत का नाही, हा प्रश्न मात्र मला चाळिशी उलटल्यावर पडला, आणि तोही माझ्या भाचीच्या आजारपणामुळे.

बहीण चिकोडीला असते. तिची मुलगी सहा वर्षांची असताना तिचं वजन वाढायचं थांबलं. पोट फुगलेलं, हातपाय काडीसारखे, आणि लोहाची औषधं घेऊनही हिमोग्लोबिन वर येईना. जंतांची औषधं झाली, टॉनिकं झाली, दृष्टही काढून झाली. दीड वर्षाने एका रक्ततपासणीत आणि नंतर आतड्याच्या बायोप्सीत उत्तर मिळालं: सिलिअ‍ॅक. गहू आणि जव म्हणजे सातू यांच्यात, तसंच आपल्याकडे न पिकणाऱ्या राय या धान्यात ग्लुटेन नावाची प्रथिनं असतात. काही माणसांच्या जनुकांमध्ये अशी ठेवण असते की ही प्रथिनं पोटात गेली की शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक अंकुर असतात, अन्नरस तेच शोषून घेतात. ते झिजून सपाट होतात. मग पोर कितीही जेवलं तरी अंगी लागत नाही.

हे कोडं सुटलं ते दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाला आधीपासूनच गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला. बाकी सगळे उपाशी होते, पण ही आजारी मुलं मात्र सुधारू लागली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० साली डिके यांनी हे आपल्या प्रबंधात मांडलं. आजही या आजारावर आयुष्यभर ग्लुटेन टाळणं हाच उपाय आहे.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती चुकली की आजार ओळखायलाच उशीर होतो. संशय आला म्हणून आधी गहू बंद करून मग तपासणीला जाऊ नका. गहू सोडला की ज्यांवरून हा आजार ओळखतात त्या रक्तातल्या प्रतिपिंडांचं (अँटिबॉडीजचं) प्रमाण उतरतं, आतडं सुधारायला लागतं, आणि तपासणी खोटाच दिलासा देते. आधी तपासणी, मग पथ्य.

आता लाटीकडे येऊ. कणकेचा लिंबाएवढा गोळा भिजवून अर्धा तास ठेवा आणि मग पाण्याच्या भांड्यात तो हळूहळू चुरत राहा. पाणी दुधासारखं पांढरं होतं, ते पिष्ट म्हणजे स्टार्च. हातात शेवटी एक करडा, चिवट, रबरासारखा गोळा उरतो. तेच ग्लुटेन. बोलोन्याच्या याकोपो बेकारी यांनी असंच पीठ धुऊन ते वेगळं केलं आणि १७४५ साली त्यांचं ते काम छापून आलं. त्या गोळ्यात दोन प्रकारची प्रथिनं असतात. ग्लुटेनिनच्या लांबलचक साखळ्या एकमेकींना जोडल्या जाऊन जाळं विणतात आणि ताणलं की मागे ओढ घेतात. ग्लायडिनमुळे ते जाळं घसरतं, पसरतं. मांड्याची लाटी फाटत नाही ती या दोघांच्या संगनमताने. पावात वायूचे फुगे अडकून राहतात तेही याच जाळ्यात.

हाच प्रयोग जोंधळ्याच्या पिठावर करून बघा. हातात काहीच उरत नाही, सगळं पाण्यात जातं. जोंधळ्यात प्रथिनं आहेत, पण ती सूक्ष्म गोळ्यांत बंद असतात, पाण्याला दाद देत नाहीत आणि जाळं विणत नाहीत.

निदान झालं तेव्हा बहिणीच्या घरी पहिली चूक झाली ती खपलीची. आमच्या भागात खपली गव्हाला फार मान. जत्रेची खीर खपलीची, बाळंतिणीला लापशी खपलीची. ‘जुना गहू आहे, पचायला हलका, याने काही होत नाही’ असं घरातल्या वडीलधाऱ्यांनी ठामपणे सांगितलं, आणि पोरीला सहा महिने खपलीच्या पोळ्या मिळाल्या. रक्तातल्या प्रतिपिंडांचा आकडा जागचा हलला नाही. खपली हा गहूच आहे. साध्या गव्हात ४२ गुणसूत्रं, खपलीत २८, एवढं खरं. तिचं ग्लुटेन ताणाला जरा कमजोर असतं, हेही खरं. पण आजार चेतवणारे प्रथिनांचे तुकडे तिच्यातही आहेत. कानडीत खपलीला जवे गोधी म्हणतात. गोधी म्हणजे गहू. शेजारच्या कानडी आजींनी त्या नावाने हाक मारली तेव्हा बहिणीच्या डोक्यात प्रकाश पडला. मधुमेहासाठी खपली बरी की वाईट हा वेगळा विषय, पण सिलिअ‍ॅकच्या ताटात ती नको. रवा, शेवया, लापशी, मैदा ही सगळी त्याच घरातली. डबीतल्या हिंगातही पुष्कळदा मैदा मिसळलेला असतो, तेव्हा डबीवरचा बारीक मजकूर वाचावाच.

दुसरी चूक गिरणीत होती आणि ती शोधायला जास्त वेळ लागला. भारतात ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. कणकेत ढोबळमानाने दहावा हिस्सा ग्लुटेन धरा. म्हणजे एक किलो जोंधळ्याच्या पिठात २०० मिलिग्रॅम कणीक पडली की मर्यादा गाठली. ही कणीक चिमटीत मावते. दहा किलो दळणाला दोन ग्रॅम, लहान चमचाभरसुद्धा नाही. आता गिरणी डोळ्यांसमोर आणा: आधीचं दळण गव्हाचं, जात्याच्या दगडांत त्याचं पीठ, पीठ पडतं त्या कापडी तोंडाच्या सुरकुत्यांत त्याचंच पीठ, हवेतही तेच. आपला डबा कितीही स्वच्छ असला तरी उपयोग काय? बहिणीने शेवटी घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू कधीच घातला नाही. जुनी लाकडी काटवटही बाजूला ठेवली, कारण तिच्या चिरांत वर्षानुवर्षांची कणीक बसली होती. त्यानंतरच्या तपासणीत आकडा पहिल्यांदा उतरला.

मग स्वयंपाकाचा प्रश्न उरला. खरं तर तो आमच्या मुलखात फार पूर्वीच सुटलेला आहे. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीला पाऊस कोसळतो, म्हणून खानापूरकडे भात आणि नाचणी. पूर्वेला सौंदत्ती, रामदुर्ग, गोकाककडे पाऊस विरत जातो, तिथे जोंधळा. जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भाकरीचा रंग बदलतो, पण बऱ्याच घरांतलं रोजचं ताट मुळात ग्लुटेनशिवायचंच होतं. पोळी सणाची होती, ती रोजची अलीकडे झाली.

जाळं नसताना भाकरी एकसंध कशी राहते? उत्तर आधणाच्या पाण्यात आहे. पिष्टाचे कण थंड पाण्यात नुसते भिजतात. गरम पाण्यात मात्र ते फुगतात, फुटतात आणि त्यांच्यातून चिकट द्रव्य बाहेर येतं. गव्हाचं पिष्ट साधारण ६० अंश सेल्सिअसला फुगू लागतं, जोंधळ्याचं आणि तांदळाचं ७० च्या आसपास. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर, त्यामुळे इथे पाणी ९७-९८ अंशालाच उकळतं. पीठ आणि परात थंड असतात, त्यांत ओतल्यावर ते आणखी उतरतं. म्हणून पाणी नुसतं कोमट असून भागत नाही, खळखळतं आधण लागतं. पिठाचा काही भाग शिजतो आणि उरलेल्या कोरड्या पिठाला तो खळीसारखा धरून ठेवतो. बायका पिठाची ‘विरी’ म्हणतात ती हीच पकड. पीठ जुनं झालं, विरी गेली की भाकरी थापताना कडा चिरतात, आणि मग आजी सांगायची तसं पाणी जास्त कढत घ्यायचं आणि तळहाताने जास्त रगडायचं.

थापायची का, लाटायची का नाही, याचंही कारण इथेच आहे. जोंधळ्याचं पीठ दाब सोसतं, ताण सोसत नाही. लाटणं पिठाला पुढे ओढत नेतं. थापताना हात वरून खाली येतो आणि फिरता फिरता कड आत लोटत राहतो. गव्हाचा मांडा आणि जोंधळ्याची भाकरी यांत हातांच्या हालचालीसुद्धा म्हणून उलट्या.

आणि भाकरी फुगते तो क्षण मला सगळ्यात सुंदर वाटतो. तव्यावर टाकल्यावर वरच्या पिठाळ बाजूला आपण पाणी फिरवतो आणि ते सुकायच्या आत भाकरी उलटतो. ते ओलं पीठ तव्याला लागताच शिजून एक सलग पापुद्रा तयार होतो. आतल्या पाण्याची वाफ झाली की तिला कितीतरी पट जागा लागते, पापुद्र्यामुळे वाट मिळत नाही, आणि भाकरी टम्म होते. पाणी फिरवायला उशीर झाला किंवा एखादी जागा कोरडी राहिली तर वाफ तिथून निसटते. गव्हाच्या पुरीत जे काम ग्लुटेन करतं, ते इथे एक ओंजळ पाणी करून जातं.

फुग्यांचाही प्रश्न दक्षिणेने सोडवलेला आहे, आंबवून. उडदात शर्करांच्या लांब, चिकट बुळबुळीत साखळ्या आणि फेस धरणारी प्रथिनं असतात. आंबवणारे जिवाणू वायू सोडतात, तो या फेसात अडकतो, वाफेवर पिष्ट शिजून फुगे कायमचे पक्के होतात. इडली हा ग्लुटेनशिवायचा पावच म्हणायचा. आंबोळीत आपण मेथीचे चार दाणे टाकतो, त्यांतला बुळबुळीतपणाही याच कामाला येतो.

तरीही भाचीला पाव हवा होता. वर्गातल्या इतरांच्या डब्यात असतो तसा, चौकोनी, कापलेला. माझे पहिले पाव दडस झाले, कारण मी ते कणकेसारखे घट्ट मळत होते. जाळंच नाही तर मळून काय होणार? हे पीठ केकच्या मिश्रणाहून जरा घट्ट, चमच्याने ढवळता येईल इतकं ओलं हवं, आणि भिंतींचा आधार द्यायला साचा हवा. जाळ्याची जागा इसबगोल घेतो. त्याच्या भुशीतल्या शर्करांच्या साखळ्या पाणी पिऊन दाट, लवचिक जेल होतात. शंभर ग्रॅम पिठाला पाच ग्रॅम भुशी पुरते.

माझं आताचं प्रमाण असं: तांदळाचं पीठ १५० ग्रॅम, जोंधळ्याचं १००, साबुदाण्याचं ५०. जोंधळ्यातलं ५० ग्रॅम पीठ आधी १५० ग्रॅम पाण्यात शिजवून उकड करून घेते, भाकरीच्या आधणाचीच ही युक्ती. १५ ग्रॅम इसबगोल १७० ग्रॅम कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवायचा, मग निवलेली उकड, उरलेलं पीठ, ५ ग्रॅम कोरडं यीस्ट, १० ग्रॅम साखर, ५ ग्रॅम मीठ, एक पळी तेल, सगळं एकत्र. साच्यात घालून एकदाच फुगू द्यायचं. गव्हाच्या पावासारखं मोडून पुन्हा फुगवायला गेलात तर गेलेला वायू परत येत नाही. २०० अंशाला पाऊण तास किंवा थोडं जास्त. बाहेर काढल्यावर पूर्ण निवेपर्यंत सुरी लावू नका, पिष्ट तोवर घट्ट होत असतं, गरम कापला तर आत चिकचिकीत लागतो. उरलेला पाव फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवू नका. शिजलेल्या पिष्टाच्या साखळ्या थंडीत पुन्हा रांगेत बसतात आणि पाव लवकर वातड होतो. कापून फ्रीझरमध्ये ठेवावा, लागेल तसा तव्यावर गरम करावा. आमच्याकडची खडक रोट्टी, म्हणजे कडक भाकरी, हे ओळखूनच केलेली असते: ती पूर्ण वाळवतात, त्यामुळे ती महिनाभर टिकते.

नानकटाईसाठी एवढी उस्तवार लागत नाही. खुसखुशीतपणासाठी ग्लुटेन नकोच असतं, तांदूळ आणि बेसन पुरे. आणि मुलांसाठी हे पदार्थ करताना नुसत्या साबुदाणा-कॉर्नफ्लोअरवर भर देऊ नका अशी माझी कळकळीची विनंती. झिजलेल्या आतड्याने लोह आणि कॅल्शियम गमावलेलं असतं. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पाकिटातल्या पांढऱ्या ग्लुटेनमुक्त बिस्किटांकडून तेवढी अपेक्षा करता येत नाही.

भाची आता अकरा वर्षांची आहे. लग्नाला जाताना स्वतःचा डबा नेते, आणि कानडी घरी गेली की वाढणाऱ्या काकूंना आधीच ‘गोधी बेड’, म्हणजे गहू नको, असं सांगते. मागच्या दिवाळीत तिने मला विचारलं, मावशी, आपले मांडे होतील का? आम्ही तांदळाच्या उकडीत इसबगोल घालून लाटी केली, तासभर मुरवली. ती तळहाताएवढी ताणली गेली आणि मध्येच फाटली. दुसऱ्या खेपेला इसबगोल वाढवला, तेव्हा वीतभर झाली. तिने वहीत दोन्ही प्रमाणं लिहून ठेवली आहेत. पुढच्या खेपेला पाणी थोडं कमी करायचं असं तिचं म्हणणं आहे.