पानिओलो आणि गुरांवरची बंदी

हवाईच्या गुराख्यांचा, म्हणजे पानिओलोंचा विषय निघाला की १९०८ साल हमखास निघतं. अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या शायन गावच्या रोडिओत, म्हणजे गुराख्यांच्या कसबाच्या स्पर्धेत, उसन्या घोड्यांवर बसून, हवाईच्या गड्याने बैलाला दोर टाकून बांधण्याची शर्यत जिंकली. सोबतचे दोघे तिसरे आणि सहावे आले. हे खरंच. पण हा धंदा उभा राहिला तो त्याच्या शंभरेक वर्षं आधीच्या एका बंदीमुळे, आणि तिचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो.

१७९३ मध्ये एका ब्रिटिश कप्तानाने हवाईच्या राजाला गुरं नजर केली, पुढच्या वर्षी आणखी दिली. त्यांना मारायचं नाही, अशी १० वर्षांची बंदी, तिथला शब्द कापू, लागू झाली. ही राजाची लहर होती असं सर्रास लिहिलं जातं. मागणी कप्तानाची होती. राजाने ती मान्य केली. कळप वाढावा, हा त्यामागचा सरळ हिशेब.

घोळ मुदतीचा आहे. बंदी १० वर्षांची, मग ती १८३० मध्ये उठली असं कसं सांगतात? मधल्या काळात राजाने नेमलेले शिकारी, त्यांत बरेच परदेशी, मौना केआ डोंगराच्या उतारांवर गुरं टिपतच होते. कातडी, चरबी, खारवलेलं मांस जहाजांना विकलं जाई. थोडक्यात, बंदी होती ती रयतेला. मोकाट बैल रताळी तुडवून गेला तरी शेतकऱ्याने बघत बसायचं! कोना नावाच्या भागात पिकं राखायला लाव्हाच्या दगडांचे गडगे मैलोन्‌मैल रचले गेले, तेही रयतेच्याच हातांनी.

१८३० च्या दशकात कॅलिफोर्नियातून, तो मुलूख तेव्हा मेक्सिकोकडे होता, घोडेस्वार गुराखी बोलावले गेले. दोर, खोगीर आणि घोडा फिरवणं त्यांच्याकडून हवाईची माणसं शिकली, तीही टेक्सासातून हजारोंचे कळप उत्तरेला हाकले जाऊ लागले त्याच्या बरंच आधी. १८४८ च्या जमीनवाटपानंतर खासगी मालकी आली, दोन वर्षांत परक्यांनाही जमीन घेता येऊ लागली आणि मोठमोठे रँच, म्हणजे गुरं पाळायची खासगी कुरणं, उभे राहिले. मोकाट गुरं पकडण्यात तरबेज झालेले बहुतेक जण त्या रँचवर पगारी नोकर झाले. या वाटपाला ‘सुधारणा’ म्हणणं मला जड जातं.

हवाईच्या कावाइहाए बंदरात धक्का नव्हता, तिथलं गुरं बोटीवर चढवायचं काम तर वेगळंच. स्वार बैलाला दोर लावून लाटांतून ओढत नेई, घोडा पोहत असे. होडीच्या दोन्ही कडांना बैलांची डोकी बांधायची, त्यांना तसंच पोहवत मोठ्या बोटीपर्यंत न्यायचं आणि पोटाखाली पट्टा घालून वर उचलायचं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे चालू होतं.

आता बहुतेक वासरं दूध तुटलं की जहाजाने अमेरिकेच्या मुख्य भूमीवर रवाना होतात, कारण त्यांना पोसायला लागणारं धान्य बेटावर आणणं परवडत नाही. हवाईत खाल्लं जाणारं बहुतेक गोमांस मात्र बाहेरून येतं. रँचवर माणसं कमी लागतात, बरीच फेरी चारचाकी मोटरबाईकवर होते. खडकाळ उतारांवर आणि वासरं डागायच्या दिवशी अजून घोडाच काढावा लागतो.