लैंगिक गुन्ह्यांची व्यक्तिगत व सामाजिक कारणे

समोरच्याच्या संमतीशिवाय, किंवा कायद्याने जी व्यक्ती संमती देऊच शकत नाही तिच्याशी केलेले लैंगिक वर्तन म्हणजे लैंगिक गुन्हा. पाठलाग, विनयभंग, बलात्कार, बालकांवरील अत्याचार हे सगळे त्यात मोडते. असे गुन्हे माणूस का करतो, याचे एका वाक्यात उत्तर मानसशास्त्राजवळ नाही आणि समाजशास्त्राजवळही नाही. वर्तमानपत्राजवळ मात्र असते. बातमीत आरोपी 'नराधम' होतो, 'वासनांध' होतो, आणि कारणांची चौकशी तिथेच संपते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे नोंदलेले आहेत. त्यांतल्या ९५ टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा होता: नातेवाईक, शेजारी, मित्र, मालक. (लग्नाचे आमिष दाखवल्याच्या तक्रारीही या आकड्यात येतात, हे ध्यानात ठेवावे.)

गुन्हा रक्तातच असतो, ही समजूत जुनी. सोलापूरकरांना तिचा इतिहास वेगळा सांगायला नको. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या आणि तारेच्या कुंपणात डांबल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी या जमातींना सोलापुरात जिथे ठेवले त्या वस्तीचे 'सेटलमेंट' हे नाव लोकांच्या तोंडी राहिले आहे. लैंगिक गुन्ह्यांबाबतही कोणतीही जात, भाषा वा वस्ती 'तसलीच' असल्याचा पुरावा नाही. पुरुषी संप्रेरकाच्या पातळीवरून कोण गुन्हा करील हे सांगता येत नाही. वेडाच्या भरात गुन्हा करणारेही थोडेच.

व्यक्तिगत कारणांत सर्वांत भक्कम पुरावा दोन गोष्टींचा आहे. पहिली, विकृत लैंगिक ओढ, म्हणजे मुलांविषयीची किंवा बळजबरीविषयीची. दुसरी, एकूणच बेपर्वा, नियम धुडकावणारा स्वभाव. हॅन्सन आणि बुसिएर या संशोधकांनी १९९८ मध्ये ६१ अभ्यास एकत्र तपासले. पुन्हा गुन्हा कोण करतो, याचा माग याच दोन गोष्टींनी सर्वांत चांगला लागला. आरोपी गुन्हा कबूल करतो की नाही, त्याला पीडितेची कणव वाटते की नाही, यावरून मात्र फारसे काही कळले नाही. मुलांवर अत्याचार करणाऱ्या सगळ्यांनाच मुलांची कायमची ओढ असते असेही नाही. कित्येकजण हाताशी सापडले म्हणून मूल निवडतात. लहानपणी स्वतः अत्याचार सोसलेल्यांचे प्रमाण गुन्हेगारांत जास्त आढळते. त्यावरून उलटा निष्कर्ष काढणे मात्र चूक, आणि क्रूरही, कारण अत्याचार सोसलेली बहुसंख्य मुले मोठेपणी कोणावरही अत्याचार करत नाहीत.

मनातला अडसर कसा दूर होतो, हा भाग जास्त विचार करण्याजोगा आहे. समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिंकेलहोर यांनी १९८४ मध्ये बालअत्याचाराच्या चार पायऱ्या मांडल्या: इच्छा असणे, स्वतःच्या मनाचा विरोध मोडणे, बाहेरची राखण चुकवणे आणि मुलाचा प्रतिकार मोडणे. दुसऱ्या पायरीवर माणूस स्वतःशी बोलतो. 'तिलाही हवंच होतं', 'मुलांच्या काही लक्षात राहत नाही', 'माझ्या घरातली आहे', 'प्यायलो होतो'. ही वाक्ये सोलापुरात मराठीत म्हटली जातात, कन्नडमध्ये, तेलुगूत, उर्दूतही; अर्थ एकच. आशिया-पॅसिफिकमधील ६ देशांत (भारत त्यांत नव्हता) १०,००० हून अधिक पुरुषांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. बलात्कार केल्याचे सांगणाऱ्यांपैकी सुमारे ७३ टक्क्यांनी दिलेले कारण 'आपला तो हक्कच आहे' या भावनेत मोडत होते. त्याखालोखाल गंमत किंवा कंटाळा, मग राग. दारू सर्वांत शेवटी. दारूने हात सैल सुटतो, पण तो कोणाच्या अंगावर टाकायचा हे आधीच ठरलेले असते. आपण होऊन केलेली नशा कायद्यातही सुटकेची सबब ठरत नाही.

तिसऱ्या पायरीवर, म्हणजे राखणीपाशी, व्यक्ती आणि समाज यांची गाठ पडते. सोलापूरच्या पूर्वभागातल्या विडी कामगार बाईला वळलेल्या विड्या जमा करायला आणि नवे पान-तंबाखू आणायला घराबाहेर पडावे लागते. नवरा यंत्रमागावर असेल तर पोरे शेजाऱ्याच्या भरवशावर. ऊसतोड टोळीतली स्त्री फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहते. कोपीला दार नसते, संडास लांब किंवा नाहीच, आणि उचल (आगाऊ मजुरी) घेतलेली असल्याने मुकादमाशी वैर परवडत नाही. गरिबी माणसाला अत्याचारी बनवते असा याचा अर्थ नव्हे. गरिबी पीडितेची राखण आणि तक्रार करण्याची ताकद काढून घेते. बंगल्यातही अत्याचार होतात. तिथल्या भिंती जाड असतात, एवढेच. महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतील पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला होता. त्यांत मुलगेही मोठ्या संख्येने होते, ही बाब अजूनही घराघरांत पचलेली नाही.

सामाजिक कारणे खरीच आहेत का, याचा पुरावा तुलनेतून मिळतो. मानववंशशास्त्रज्ञ पेगी रीव्ह्ज सँडे यांनी १९८१ मध्ये १५६ समाजांच्या नोंदी तपासल्या. पुरेशी माहिती मिळालेल्या ९५ पैकी ४५ समाजांत बलात्कार जवळजवळ नव्हता. जिथे तो बोकाळलेला होता तिथे टोळ्यांची भांडणे, मर्दानगीचा डौल आणि स्त्रीला निर्णयात स्थान नसणे या गोष्टी एकत्र आढळल्या. आपल्याकडे यात जातीची भर पडते. दलित-आदिवासी स्त्रीवरचा अत्याचार पुष्कळदा तिच्या समाजाला धडा शिकवण्यासाठी असतो. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा या वास्तवातूनच आला.

बालविवाहाचे उदाहरण सोलापूर जिल्ह्याला अधिक लागू पडते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांआधी झालेले होते. सोलापूर जिल्ह्यातले प्रमाण याहून बरेच वर आहे. पोरीला कोपीत किंवा गावी एकटी कुठे ठेवायची, म्हणून आईबाप तिचे 'हात पिवळे' करून मोकळे होतात. म्हणजे अत्याचाराच्या भीतीने जो उपाय केला, त्या लग्नातला अठरा वर्षांखालील पत्नीशी संबंधच सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाप्रमाणे बलात्कार ठरतो. पत्नी सज्ञान असेल तर मात्र भारतीय न्याय संहितेतही पतीला सूट कायम आहे. 'हक्क' हा शब्द पुरुषाच्या डोक्यात कुठून येतो, याचे एक उत्तर या सवलतीतही आहे.

गुन्हा दडपणे हेही कारणांतच मोजावे लागते. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार बालकावरील अत्याचाराची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. प्रत्यक्षात अब्रू जाईल म्हणून भावकी बसते, काका-मामाला समज दिली जाते आणि पुढच्या दिवाळीला तो फराळाला हजर असतो. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय यादी २०१८ मध्ये सुरू झाली. ती पोलिसांसाठी आहे आणि न्यायालयात दोषी ठरलेल्यांची आहे. या काकाचे नाव तिच्यात येत नाही.