सिम रेसिंगसाठी प्रायोजकत्व: पात्रता, कागदपत्रे आणि वर्तनाच्या अटी

संगणकाला जोडलेले स्टिअरिंग आणि पेडल वापरून खेळल्या जाणाऱ्या मोटारशर्यतींना, म्हणजेच सिम रेसिंगला, गेल्या काही वर्षांत खेळाचा दर्जा मिळत गेला आहे. २०१९ मध्ये रोमजवळच्या व्हालेलुंगा सर्किटवर झालेल्या एफआयए या जागतिक मोटारशर्यत संघटनेच्या पहिल्या मोटरस्पोर्ट गेम्समध्ये डिजिटल कप ही स्वतंत्र स्पर्धा होती. भारतात डिसेंबर २०२२ मध्ये बहुक्रीडा स्पर्धांतील ई-स्पोर्ट्स हा विषय क्रीडा विभागाकडे सोपवण्यात आला आणि ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ई-स्पोर्ट्सला पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांपासून स्पष्टपणे वेगळे काढले. त्यामुळे प्रायोजक मिळवू पाहणाऱ्या मुलामुलींची आणि त्यांच्या पालकांची संख्या वाढली असून, अर्ज नेमका कुठे आणि कसा करायचा हा त्यांचा पहिला प्रश्न असतो.

या कामासाठी एकच छापील अर्ज किंवा एकच खिडकी नाही. खेळण्याच्या ऑनलाइन मंचावरील परवाना, स्पर्धेतील प्रवेश, प्रायोजकाकडे सादर करावयाचा प्रस्ताव आणि त्यानंतरचा करारनामा असे टप्पे एकामागून एक पार करावे लागतात. या प्रत्येक टप्प्यावर वेगाइतकीच वर्तनाची नोंद तपासली जाते, आणि बहुतेक अर्जदार त्याच बाबतीत कमी पडतात, म्हणून पुढील माहितीत त्या भागावर अधिक भर दिला आहे.

परवाना आणि पात्रता

उदाहरणादाखल आयरेसिंग हा मंच घेऊ, कारण व्यावसायिक पातळीवर त्याचा वापर मोठ्या प्रमाणावर होतो आणि तेथे खऱ्या नावानेच नोंदणी करावी लागते. नोंदणीचे नाव पॅन कार्डावरील नावाशी जुळते आहे याची खात्री पहिल्याच दिवशी करून घ्यावी, कारण पुढे बक्षिसाची किंवा प्रायोजकाची रक्कम बँकेत येताना हीच तफावत आडवी येते. नवा खेळाडू 'रुकी' वर्गात सुरुवात करतो आणि डी, सी, बी, ए असे वर्ग चढत जातो. ओव्हल (लंबवर्तुळाकार ट्रॅक), स्पोर्ट्स कार, फॉर्म्युला कार, डर्ट ओव्हल आणि डर्ट रोड (मातीचे ट्रॅक) या प्रकारांचे परवाने वेगवेगळे असतात.

वरच्या वर्गात जाण्याचा आधार 'सेफ्टी रेटिंग' हा आहे. गाडी ट्रॅकबाहेर गेल्यास १, ताबा सुटल्यास २ आणि दुसऱ्या गाडीला जोरात धडकल्यास ४ दोषगुण खेळाडूच्या नावावर चढतात, मग चूक कोणाचीही असो. हा नियम नव्या मुलांना अन्यायकारक वाटतो. मला मात्र तो योग्य वाटतो, कारण धोका ओळखून वेळेवर बाजूला होण्याची सवय त्याच्याइतकी दुसरी कोणतीही गोष्ट लावत नाही, आणि प्रायोजकाला आकड्यांत दाखवता येईल असा वर्तनाचा पुरावा त्यातूनच तयार होतो. स्पर्धात्मक कौशल्य मोजणारे 'आयरेटिंग' वेगळे असते. प्रस्तावात हे दोन्ही आकडे मागील काही महिन्यांच्या आलेखासह द्यावेत.

भारतात मोटारशर्यतींची नियामक संस्था म्हणून फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, म्हणजेच एफएमएससीआय, काम पाहते. तिच्या मान्यतेने होणाऱ्या स्पर्धेत उतरायचे असेल, तर त्या स्पर्धेची पूरक नियमावली आधी मिळवून वाचावी. वयाची अट, आवश्यक परवाना, प्रवेश शुल्क आणि तक्रार करण्याची मुदत या बाबी त्या नियमावलीप्रमाणेच ठरतात. अर्जदार १८ वर्षांखालील असल्यास पालकांचे लेखी संमतीपत्र आणि जन्मतारखेचा पुरावा तयार ठेवावा.

प्रस्तावासोबत जोडावयाची कागदपत्रे

प्रायोजकाकडे पाठवावयाचा प्रस्ताव पाच-सहा पानांपेक्षा मोठा नसावा. त्यात खेळाडूची ओळख, परवान्याची व रेटिंगची नोंद, मागील हंगामातील निकाल, आगामी स्पर्धांचे वेळापत्रक आणि थेट प्रक्षेपणाच्या प्रेक्षकसंख्येचे मंचावरूनच काढलेले तक्ते असावेत. ओळखपत्र, पॅन, रद्द केलेला धनादेश आणि असल्यास जीएसटी क्रमांक ही कागदपत्रे प्रस्तावासोबत न पाठवता करार ठरल्यावरच द्यावीत. आधार कार्डाची प्रत द्यावीच लागली, तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्यावी.

प्रायोजकाचे चिन्ह कुठे आणि कसे दिसेल, हे चित्रासह दाखवणे आवश्यक आहे, आणि येथे एक तांत्रिक गोष्ट प्रामाणिकपणे सांगावी लागते. आयरेसिंगमध्ये गाडीची लिव्हरी, म्हणजे तिच्यावरील रंग व चिन्हांची सजावट, २०४८ बाय २०४८ पिक्सेलच्या प्रतिमेवर रंगवली जाते आणि बहुतेक खेळाडू ती 'ट्रेडिंग पेंट्स' या सेवेवर चढवतात. ज्याच्या संगणकावर ती सेवा सुरू नाही, त्याला आपली रंगवलेली गाडी दिसतच नाही. शिवाय खेळाडू स्वतः प्रक्षेपण करतो तेव्हा प्रेक्षकांसमोर बहुतांश वेळ गाडीच्या आतले दृश्य असते, म्हणजे स्टिअरिंग, डॅशबोर्ड आणि समोरचा रस्ता. दारावर मोठे चिन्ह लावण्याचे आश्वासन कागदावर भारदस्त वाटले, तरी प्रत्यक्षात प्रायोजकाला अधिक उपयोग होतो तो प्रक्षेपणाच्या चौकटीत, कॅमेऱ्यासमोरच्या पोशाखावर आणि खुर्चीमागच्या फलकावर लावलेल्या चिन्हाचा. हे आधीच सांगितल्यास हंगामाच्या मध्यावर वाद उद्भवत नाही.

वर्तनाच्या अटी कशा तयार झाल्या

करारातील वर्तनाची कलमे अनेकांना अवास्तव कडक वाटतात. ती कुठून आली हे समजण्यासाठी २०२० च्या टाळेबंदीतील तीन घटना माहीत असाव्यात, कारण त्या काळात खऱ्या शर्यती थांबल्या होत्या आणि नामांकित चालक घरून खेळत होते.

५ एप्रिल २०२० रोजी नॅसकार या अमेरिकी मोटारशर्यत मालिकेच्या ब्रिस्टल येथील आभासी शर्यतीत बब्बा वॉलेसची क्लिंट बोयरच्या गाडीशी टक्कर झाली. शर्यत नुकतीच रंगू लागली होती, पण वॉलेस चिडून बाहेर पडला आणि आपण या खेळाला गांभीर्याने घेत नाही, अशा अर्थाचे उद्गार त्याने स्वतःच्याच थेट प्रक्षेपणात काढले. त्या शर्यतीसाठी त्याला पाठिंबा देणाऱ्या ब्ल्यू-इमू या वेदनाशामक मलमाच्या कंपनीने लगेच जाहीरपणे त्याची साथ सोडली. शर्यत अर्ध्यात सोडण्यास मनाई करणारे कलम असले पाहिजे, हे प्रायोजकांच्या मनावर ठसले ते या प्रसंगामुळे.

पुढच्याच आठवड्यात, १२ एप्रिल रोजी, काइल लार्सन एका अनौपचारिक आभासी शर्यतीत आपला माइक चालू आहे की नाही हे तपासत होता. समोरून उत्तर येत नाही असे वाटून त्याने वंशद्वेषी शब्द उच्चारला. आपण फक्त आपल्या स्पॉटरशी, म्हणजे शर्यतीत सूचना देणाऱ्या सहकाऱ्याशी, बोलत आहोत अशी त्याची समजूत होती, पण तो आवाज सर्व स्पर्धकांना आणि प्रक्षेपणावर प्रेक्षकांनाही ऐकू जात होता. नॅसकारने त्याला निलंबित केले, मॅकडोनाल्ड्ससह प्रायोजकांनी संबंध तोडले आणि दोन दिवसांत त्याच्या संघाने त्याला काढून टाकले. प्रशिक्षण व क्षमायाचना यांनंतर त्याला पुन्हा प्रवेश मिळाला आणि २०२१ मध्ये त्याने नॅसकार कप जिंकला. मात्र ती शर्यत अधिकृत नव्हती हे कारण कोणीही ग्राह्य धरले नाही, ही बाब आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. सरावात, मित्रांसोबत आणि मध्यरात्रीच्या गमतीच्या शर्यतीतही करारातील अटी लागू असतात, असे समजूनच माइकला हात लावावा.

तिसरी घटना फॉर्म्युला ई या विजेवरील गाड्यांच्या मालिकेतील आहे. मे २०२० मध्ये आभासी बर्लिन शर्यतीत डॅनियल आब्टच्या नावाने प्रत्यक्षात एक व्यावसायिक सिम रेसर गाडी चालवत होता. चालकाचा चेहरा कॅमेऱ्यात नीट दिसत नसल्यामुळे सहस्पर्धकांना संशय आला आणि चौकशीत प्रकार उघड झाला. आब्टला अपात्र ठरवून १० हजार युरो समाजकार्यासाठी देण्याचा आदेश झाला, तर आउडी संघाने त्याला निलंबित करून नंतर त्याच्याशी फारकत घेतली. आपला उद्देश प्रेक्षकांची करमणूक करण्याचा होता, असे त्याचे म्हणणे होते. आपले खाते भावाला किंवा मित्राला 'एकाच शर्यतीपुरते' देणाऱ्या मुलांना मी ही घटना आवर्जून सांगतो, कारण त्यांनाही त्यात काही वावगे वाटत नसते.

करारनामा वाचताना

वर्तनाच्या कलमात 'कंपनीच्या प्रतिमेला बाधा येईल असे कोणतेही कृत्य' इतकेच मोघम शब्द असतील, तर त्यांवर सही करू नये. पुण्यातील अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने मला दाखवलेल्या मसुद्यात असेच एक वाक्य होते, आणि बाधा आली की नाही हे ठरवण्याचा अधिकार पूर्णपणे कंपनीकडे होता. आम्ही त्याऐवजी अपशब्द, हेतुपुरस्सर धडक, खाते दुसऱ्याला देणे, फसवणुकीचे सॉफ्टवेअर वापरणे आणि स्वेच्छेने शर्यत सोडणे अशी कृत्ये नावानिशी लिहिली, शिवाय करार रद्द करण्यापूर्वी सात दिवसांची लेखी नोटीस आणि खुलासा करण्याची संधी मागितली. कंपनीने ते आनंदाने मान्य केले, कारण स्पष्ट अटी दोन्ही बाजूंच्या सोयीच्या असतात.

स्वेच्छेने शर्यत सोडणे आणि संपर्क तुटणे यांतील फरक करारात लिहून घेणे अत्यंत आवश्यक आहे. जानेवारी २०२३ च्या ल मां व्हर्च्युअल या आभासी शर्यतीत फॉर्म्युला वनचा चालक मॅक्स व्हरस्टॅपेन आघाडीवर असताना त्याचा संपर्क तुटला, आणि अशी वेळ कोणावरही येऊ शकते. आपल्याकडे तर अनेक भागांत गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद असते. इन्व्हर्टर, पर्यायी इंटरनेट जोडणी आणि खंड पडल्याची वेळ दाखवणारी राउटरमधील नोंद ठेवल्यास, शर्यत आपण सोडलेली नाही हे सिद्ध करता येते.

दुसऱ्या खेळाडूने मुद्दाम धडक दिल्यास चॅटमध्ये उत्तर देऊ नये. शर्यत पूर्ण करावी, रिप्लेमधील तेवढाच भाग जतन करावा आणि नियमांनुसार प्रोटेस्ट, म्हणजे अधिकृत तक्रार, दाखल करावा. प्रोटेस्टमध्ये लॅपचा क्रमांक, वळण, गाड्यांचे क्रमांक आणि नियमावलीतील संबंधित कलम एवढेच लिहावे. रागाच्या भरात लिहिलेला प्रोटेस्ट वाचणाऱ्या अधिकाऱ्याला घटनेपर्यंत पोहोचायलाच वेळ लागतो. निर्णय होईपर्यंत त्या घटनेची चित्रफीत समाजमाध्यमांवर टाकणे टाळावे.

अर्जदार अल्पवयीन असल्यास त्याने स्वतः केलेला करार भारतीय करार कायदा, १८७२ नुसार वैध ठरत नाही, म्हणून आई किंवा वडील यांना करारातील पक्षकार करावे लागते. महाराष्ट्रात करारांसाठीचे किमान मुद्रांक शुल्क ऑक्टोबर २०२४ मध्ये १०० वरून ५०० रुपये झाले. जाहिरातीच्या करारावर रकमेच्या प्रमाणात शुल्क लागू होऊ शकते, त्यामुळे मुद्रांक घेण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा.

जाहिरातीची कबुली आणि निषिद्ध प्रायोजक

प्रायोजकाने पैसे किंवा वस्तू दिल्या असतील, तर ते प्रेक्षकांना स्पष्ट सांगणे ही खेळाडूची कायदेशीर जबाबदारी आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे आणि जाहिरात मानक परिषदेचे २०२१ चे नियम यांनुसार ही कबुली सहज दिसेल अशी असावी, आणि थेट प्रक्षेपणात ती वारंवार किंवा सतत दिसत राहावी. वर्णनाच्या तळाशी लपवलेली ओळ पुरेशी नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांच्या कंपन्यांकडून प्रायोजकत्व घेऊ नये. २०२५ च्या कायद्यानुसार त्यांची जाहिरात करणे हा गुन्हा असून, त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास आणि ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अशा कंपन्या कधी कधी 'बातम्या' किंवा 'स्कोअर' दाखवणाऱ्या वेगळ्या नावाने संपर्क साधतात, म्हणून संकेतस्थळ स्वतः उघडून पाहावे. ई-स्पोर्ट्समध्ये स्पर्धेचे प्रवेश शुल्क आणि कामगिरीवर आधारित बक्षीस यांना त्या कायद्याने मुभा दिली आहे, निकालावर पैज लावण्यास मात्र नाही.

कर आणि नोंदी

प्रायोजकाची रक्कम व्यावसायिक शुल्क म्हणून मिळाल्यास त्यातून सर्वसाधारणपणे १० टक्के कर कापला जातो. वस्तुरूपाने मिळालेला लाभ वर्षभरात २० हजार रुपयांहून अधिक असल्यास त्यावरही १० टक्के कपात लागू होते. डायरेक्ट ड्राइव्ह (थेट मोटरवर बसवलेले) स्टिअरिंग ही मर्यादा एकट्यानेच ओलांडते. वस्तू वापरून परत करायची असेल तर ती लाभ मानली जात नाही, म्हणून ती भेट आहे की वापरापुरती दिलेली आहे, हे पोचपावतीवर अनुक्रमांकासह लिहून घ्यावे. अल्पवयीन मुलाचे स्वतःच्या कौशल्यातून मिळालेले उत्पन्न पालकांच्या उत्पन्नात मिळवले जात नाही, त्यामुळे त्याच्या नावाचे स्वतंत्र पॅन काढणे हिताचे ठरते. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेल्यास जीएसटी नोंदणी करावी लागते. अमेरिकी कंपनीकडून रक्कम येणार असल्यास डब्ल्यू-८ बेन हा अमेरिकी कर विभागाचा नमुना भरून द्यावा लागतो आणि बँकेकडून परकीय रक्कम जमा झाल्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते.

हंगाम संपल्यानंतर प्रायोजकाला पाठवावयाचा अहवाल अनेक खेळाडू टाळतात, विशेषतः निकाल मनासारखे लागले नसतील तेव्हा. तो तीस दिवसांच्या आत पाठवावा. त्यात खेळलेल्या व चुकलेल्या शर्यती, त्यांची कारणे, चिन्ह दिसलेल्या प्रक्षेपणांची यादी आणि झालेल्या शिक्षा किंवा प्रोटेस्ट यांची पूर्ण नोंद असावी. पुढील हंगामासाठी नूतनीकरणाची विनंती त्याच अहवालासोबत, वेगळ्या पानावर, सुधारित वेळापत्रक जोडून करता येते.