पुण्याच्या पेठांतील गणेशोत्सव : वाड्यापासून रस्त्यापर्यंत

भाद्रपदात पुण्याच्या पेठांतले रस्ते संध्याकाळनंतर वाहनांना बंद होतात आणि मुलांना खांद्यावर घेतलेले बाप, फुगेवाले, कणसे भाजणारे आणि देखाव्यांसमोर ताटकळणारी कुटुंबे यांनी ते भरून जातात. हे चित्र आज स्वाभाविक वाटते. परंतु उत्सव आणि रस्ता यांचे हे नाते जेमतेम सव्वाशे-दीडशे वर्षांचे आहे.

पेशवाईत शनिवारवाड्यात गणपतीचा उत्सव थाटाने होत असे. 1818 मध्ये पेशवाई संपल्यावर तो मुख्यतः घरे आणि वाडे यांपुरता उरला. शहराच्या रस्त्यांवरून वाजतगाजत जाणारी मोठी मिरवणूक त्या काळी मोहरमच्या ताबुतांची असे आणि तीत हिंदूही मोठ्या संख्येने सामील होत. 1893 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली, त्यानंतर हा सहभाग ओसरला आणि त्याच सुमारास सार्वजनिक गणपतीची कल्पना रुजली. भाऊ रंगारी यांचा 1892 मधील पुढाकार आणि लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून दिलेले बळ यांपैकी पहिला मान कोणाचा, यावर पुण्यात अजूनही हिरिरीने बोलले जाते. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की ताबुतांच्या मिरवणुकीचा घाट नव्या उत्सवाने बऱ्याच अंशी उचलला. एकसारखा पोशाख करून गाणी म्हणत फिरणारे मेळे हा त्याचाच भाग होता. त्या गाण्यांतला राजकीय सूर सरकारला खुपू लागला आणि 1910 च्या सुमारास मेळ्यांवर कडक निर्बंध आले.

उत्सव कोठून रस्त्यावर आला, हे मानाच्या पाच गणपतींच्या नावांतच वाचता येते. कसबा आणि तांबडी जोगेश्वरी ही ग्रामदैवते, गुरुजी तालीम हा आखाडा, तुळशीबाग हे राममंदिराचे आवार आणि त्याभोवती वाढलेली बाजारपेठ, तर केसरीवाडा हा टिळकांचा वाडा. 1894 मध्ये त्यांनी विंचूरकर वाड्यात सुरू केलेला उत्सव पुढे येथे आला. देऊळ, तालीम, बाजार आणि वाडा ही माणसे रोज भेटण्याची ठिकाणे होती. तेथेच वर्गणी जमे, तेथेच कार्यकर्ते घडत, म्हणून आजही मंडळाची ओळख आळीच्या किंवा चौकाच्या नावाने सांगितली जाते. वाडे पडून इमारती उभ्या राहिल्या, चौक-अंगणे गेली, आणि मांडवाला रस्त्याखेरीज जागा उरली नाही.

अनंत चतुर्दशीला मंडईपासून लक्ष्मी रस्त्याने अलका टॉकीज चौकाकडे निघणारी मिरवणूक आता चोवीस तासांहून अधिक चालते, आणि तिच्या वाटेवरची दुकाने त्या दिवशी फळ्या लावून पायऱ्या बघ्यांना मोकळ्या सोडतात.