मांडवीची भरती आणि कळंगुटची लाट: तळाशी काय वेगळं घडतं?

पणजीला मांडवीचं पाणी साधारण सहा तास आत चढतं, सहा तास बाहेर उतरतं. कळंगुटला लाटेखालचं पाणी दर आठ-दहा सेकंदांनी पुढे जाऊन मागे येतं. दोन्हीकडे पाण्याची ये-जा आणि दोन्हींखाली खडबडीत तळ. म्हणून तळाशी उठणारी खळबळही एकाच जातीची असणार, लाटेची फक्त जरा घाईतली, असा समज सहज होतो. पण ही घाईच सगळं बदलून टाकते.

तळालगतचं पाणी वाळूला नि दगडांना अडून मंदावतं. तिथे भोवरे उठतात आणि तळाचा हा अडसर वरच्या पाण्यापर्यंत पोचवतात. त्याला वेळ लागतो. भरती-ओहोटीचं चक्र 12 तास 25 मिनिटांचं. पाच मीटर खोल नदीत भोवऱ्यांना तळापासून पृष्ठभागापर्यंत चढायला काही मिनिटं पुरतात, म्हणजे तळाचा परिणाम सबंध पाण्यात भिनतो. लाट मात्र पाच सेकंदांत दिशा बदलते. तेवढ्यात खळबळीचा थर जेमतेम काही सेंटीमीटर वाढतो आणि उलटा प्रवाह सुरू होतो.

आकडे घेऊन पाहू. पाच मीटर खोलीवर एक मीटर उंचीची, दहा सेकंदांची लाट आली, तर तळाशी पाण्याचा कमाल वेग सेकंदाला सुमारे 65 सेंटीमीटर होतो आणि पाणी एकूण दोनेक मीटर मागेपुढे हलतं. तेवढ्याच कमाल वेगाच्या भरतीत पाणी नऊ-दहा किलोमीटर सरकून येतं. वेग एकच, पण लाटेखाली तो काही सेंटीमीटरांतच शून्यावर उतरतो. म्हणून तळावरचं घर्षण भरतीच्या कित्येक पट जास्त. नदीचं सूत्र लाटेला लावलं की हिशेब इथेच चुकतो. डेन्मार्कच्या इवार यॉन्सन यांनी 1966 मध्ये लाटांसाठी घर्षणाचा स्वतंत्र गुणांक मांडला. खडबडीत तळावर तो पाण्याच्या खोलीवर ठरत नाही. पाणी किती अंतर मागेपुढे जातं आणि तळाचा खडबडीतपणा किती, या दोहोंच्या प्रमाणावर ठरतो.

हणजूणसारख्या खडकाळ किनाऱ्यावर हे प्रमाण फार महत्त्वाचं. मुठीएवढा दगड भरतीच्या पाच मीटर खोल पाण्यापुढे काहीच नाही. तिथे असे हजार दगड मिळून एक सरासरी खडबडीतपणा होतो. लाटेखाली मात्र खळबळीचा थरच त्या दगडाच्या उंचीचा. तिथे एकेक दगड आपले भोवरे सोडतो आणि सरासरीला फारसा अर्थ उरत नाही.

मला सगळ्यात विलक्षण वाटते ती वेळेची गंमत. भरतीचा वेग इतका सावकाश बदलतो की कुठल्याही क्षणी ती एकाच दिशेने वाहणारी नदी समजून चालतं; फक्त वळणाच्या वेळी तसं चालत नाही. लाटेखाली खळबळ प्रत्येक फेरीत नव्याने उठते. वेग वाढत असताना ती दबून राहते, वेग उतरायला लागला की उसळते. शिवाय तळालगतचं पाणी वरच्या पाण्याआधी वळतं. गणितज्ञ स्टोक्स यांच्या 1851 च्या गणिताप्रमाणे शांत, थराथराने वाहणाऱ्या पाण्यात तळावरचं घर्षण वरच्या वेगापेक्षा चक्राच्या एक अष्टमांशाने पुढे असतं. खळबळीच्या पाण्यात ही आघाडी कमी होते. वाळूवर वळ्या, म्हणजे पाण्याने उमटलेल्या लहान उंचवट्यांच्या रांगा, असतील तर प्रत्येक वळीमागे भोवरा धरतो आणि प्रवाह उलटला की वाळूसकट माथ्यावरून वर फेकला जातो. हर्था एअरटन यांनी या वळ्यांचा अभ्यास 1904 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत स्वतः वाचला; तिथे स्वतःचा निबंध वाचणाऱ्या त्या पहिल्या महिला. याच वळ्या अभ्यासताना संशोधक बॅगनॉल्ड यांनी 1946 मध्ये उलट वाट धरली: पाणी हलवण्याऐवजी ते स्थिर ठेवून वाळूचा तळच झुलवला.

ओहोटीला उघड्या पडलेल्या वाळूवर फरक दिसतोही. दोन्ही उतार सारखे आणि माथा टोकदार असेल तर वळ्या लाटेच्या. एक बाजू लांब नि दुसरी तीव्र असेल तर एका दिशेच्या प्रवाहाच्या.

आग्वादच्या तोंडाशी मांडवीच्या वाळूच्या दांड्यावर मात्र ही दोन्ही पाणी एकत्र येतात. पावसाळ्यात तिथे लाटा इतक्या फुटायच्या की खनिजाचे बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून मुरगावला जायचे. लाट वाळू उचलते, पण बहुतेक तिथल्या तिथेच हलवते. जो प्रवाह एरवी एक कणही उचलणार नाही, तो ही उचललेली वाळू घेऊन निघतो. त्यात लाटेच्या पातळ थरातले भोवरे प्रवाहालाही अडवतात. ग्रँट आणि मॅडसन या संशोधकांनी 1979 मध्ये दाखवलं की अशा वेळी प्रवाहाला तळ वाळूच्या कणांच्या मानाने कितीतरी जास्त खडबडीत भासतो. म्हणून जून-जुलैत या दांड्यावर वाळू किती सरकते हे काढायचं, तर प्रवाहाच्या वेगाबरोबर लाटांची उंची आणि दोन लाटांमधला वेळही त्याच दिवशी मोजावा लागतो.